बाळाला न पचणारी साखर

आईच्या दुधात दुग्धशर्करा आणि स्निग्धांश यांच्या खालोखाल जो घन पदार्थ सर्वाधिक असतो, तो बाळाला पचवताच येत नाही. मानवी दुग्ध-ऑलिगोसॅकराइड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या शर्करासाखळ्या परिपक्व दुधात लीटरमागे साधारण ५ ते १५ ग्रॅम असतात. प्रसूतीनंतरच्या चिकात त्याहूनही अधिक. बाळाला न पचणारे अन्न आईच्या शरीराने का घडवावे? या कोड्याची उकल होण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली.

प्रारंभ झाला तो बालमृत्यूच्या चिंतेतून. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात बाटलीच्या दुधावर वाढणारी बाळे अतिसाराने मोठ्या संख्येने दगावत. अंगावर पिणारी त्या मानाने तगून राहत. थिओडोर एशेरिख या बालरोगतज्ज्ञाने १८८६ मध्ये तान्ह्या मुलांच्या आतड्यातील जीवाणूंवर ग्रंथ लिहिला. पुढे १९०० च्या सुमारास पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आंरी तिसिए यांना अंगावर पिणाऱ्या बाळांच्या विष्ठेत इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखा दुभंगलेला जीवाणू विपुल आढळला. तोच आजचा बिफिडोबॅक्टेरियम.

हा जीवाणू त्याच बाळांमध्ये का फोफावतो? १९३० च्या दशकात पोलोनोव्स्की आणि लेस्पान्योल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी मानवी दुधातून दुग्धशर्करेहून निराळा शर्करांश वेगळा केला. १९५४ मध्ये पॉल ग्योर्गी आणि नोबेल विजेते रिचर्ड कून यांच्या गटांनी दोन्ही धागे जोडले. बिफिडोबॅक्टेरियमच्या एका वाणाची वाढ मानवी दुधातील या शर्करांवरच होत होती. गायीच्या दुधात तो गुण नगण्य होता. मातेचे दूध बाळाबरोबर त्याच्या आतड्यातील जीवाणूंनाही पोसते, हे त्यातून सूचित झाले.

हे पोषण घडते कसे, ते उलगडले जनुकशास्त्राने. या साखळ्या ग्लुकोज, गॅलॅक्टोज, एन-ॲसिटिलग्लुकोसमाइन, फ्यूकोज आणि सियालिक आम्ल अशा पाच घटकांच्या जोडणीतून बनतात. त्यांचे दीडशेहून अधिक प्रकार ज्ञात आहेत. त्या तोडणारी विकरे माणसाच्या लहान आतड्यात नसल्याने बहुतांश साखळ्या अखंड मोठ्या आतड्यात पोहोचतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांच्या पुढाकाराने २००८ मध्ये बिफिडोबॅक्टेरियम इन्फंटिसचा जनुकसंच प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ४३ हजार आधारजोड्यांचा एक सलग पट्टा या शर्करांच्या वहनासाठी व विघटनासाठीच असल्याचे दिसले.

इन्फंटिस अखंड साखळी पेशीत ओढून घेतो आणि मग फ्यूकोसिडेज, सियालिडेज आदी विकरांनी एकेक कडी सोडवतो. इतरांच्या वाट्याला फारसे काही उरत नाही. बिफिडम ही भावंड-प्रजाती मात्र साखळी पेशीबाहेर तोडते, त्यामुळे सुटे तुकडे शेजारच्या जीवाणूंनाही मिळतात. दोन्ही मार्गांनी ॲसिटिक व लॅक्टिक आम्ले तयार होतात, आतड्यातील आम्लता वाढते आणि अनेक रोगजंतूंना तेथे बस्तान बसवणे अवघड जाते.

भारतात या ज्ञानाला जीवनमरणाचे मोल आहे. डॉ. पिनाकी पाणिग्रही यांच्या नेतृत्वाखाली ग्रामीण ओडिशात ४,५५६ नवजात बालकांवर चाचणी झाली. निम्म्या बालकांना आठवडाभर लॅक्टोबॅसिलस प्लांटेरम हा जीवाणू आणि त्याला पोषक अशी वनस्पतिजन्य शर्करा देण्यात आली. २०१७ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, जंतुसंसर्ग वा मृत्यू ओढवलेल्या बालकांचे प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले. येथे जीवाणू निराळा आणि शर्कराही दुधातली नव्हे. तत्त्व मात्र तेच, जीवाणू द्यावा आणि त्याची शिदोरीही द्यावी. वैद्यकीय देखरेखीखालील चाचणीचा हा निष्कर्ष घरगुती प्रयोगांचा परवाना नव्हे, हेही ध्यानात घ्यावयास हवे.

मातेचे दूध ही शिदोरी मुळातच बांधून देते, आणि ती सर्वांत भरगच्च असते चिकात. तरीही अनेक घरांत चीक पिळून टाकला जातो आणि बाळाला आधी मध वा घुटी चाटवली जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९–२१) देशातील केवळ ४१.८ टक्के बाळांना जन्मानंतरच्या पहिल्या तासात स्तनपान मिळाले. एशेरिख आणि तिसिए यांच्यापासून चालत आलेल्या शोधाची कसोटी आता प्रयोगशाळेपेक्षा प्रसूतिगृहात अधिक लागणार आहे.