जीर्णोद्धाराचा अर्थ : लाकडी जहाजांची साक्ष



समुद्रापासून इतक्या दूर, बोरगावात, जहाजांवर व्याख्यान कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु ‘जीर्णोद्धार’ हा शब्द आपल्या नित्य परिचयाचा आहे. गावोगावी देवळांचे जीर्णोद्धार होतात आणि त्यांत पुष्कळदा जुने लाकूडकाम उतरवून सिमेंट चढविले जाते. जीर्णाचा उद्धार म्हणजे जीर्णाचे उच्चाटन नव्हे, हे मला लाकडी जहाजांच्या इतिहासात विशेष स्पष्टपणे दिसले; म्हणून आज हा विषय घेतला आहे.

लाकडी जहाज दुरुस्तीवरच जगते. खाऱ्या पाण्यातील किडा फळ्या पोखरतो, सांधे सुटतात, उन्हाने लाकूड तडकते. म्हणूनच विजयदुर्गाजवळ वाघोटण खाडीच्या काठी मराठ्यांच्या आरमारासाठी खडकात गोदी कोरली गेली. मुंबईत १७५० साली सुकी गोदी बांधण्यात आली. जहाज आत घेऊन पाणी काढले की त्याचा तळ उघडा पडे. मग कुजली असेल तेवढीच फळी काढावी, सांध्यांत कापूस ठासावा, वर चुना व तेल यांचा लेप द्यावा, अशी आपल्याकडची रीत होती.

मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली बांधलेली ‘त्रिंकोमाली’ ही सागवानी युद्धनौका १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरली. ओकच्या लाकडातील आम्लाने लोखंडी खिळे झिजतात. सागाच्या अंगचे तेल मात्र त्यांचे रक्षण करते. १८९७ साली ही नौका मोडीत निघाली असता व्हीटली कॉब या गृहस्थांनी ती विकत घेतली. पुढे १९८६ पर्यंत तिच्यावर तरुणांना शिक्षण दिले जाई. म्हणजे एका परीने ती शाळाच झाली होती. त्यानंतर इंग्लंडमधील हार्टलपूल येथे १९९० ते २००१ अशी अकरा वर्षे तिची डागडुजी चालली. जेथे भागेल तेथे जुने लाकूड राखले गेले, आणि आजही तिचे निम्म्याहून अधिक लाकूड मूळचेच आहे. आपल्या कारागिरांनी बांधलेली ही नौका परक्यांनी जपली, याचा आनंद वाटतो. तशी थोडी खंतही वाटते.

लाकूड जपायचे तर आधी झाड जपले पाहिजे. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमारासंबंधी लिहिताना हा विचार आला आहे. आंबा, फणस ही झाडे आरमाराच्या उपयोगाची खरी. परंतु ती वर्षा-दोन वर्षांत वाढत नाहीत, रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात, म्हणून त्यांना हात लावू नये. जीर्ण झालेले झाड हवे असल्यास धन्यास राजी करून, मोबदला देऊन न्यावे, असा त्याचा आशय आहे. मराठीचा अभ्यासक या नात्याने मला या उताऱ्याचे मोल मोठे वाटते. राज्यकर्त्याची निकड आणि रयतेचे दुःख यांचा एकत्र विचार त्यात आहे.

वस्तू उरली तर तिच्याकडे पाहून दुरुस्ती करता येते. ती नाहीशी झाल्यावर मात्र कारागिराचा हातच आधार ठरतो. अजिंठ्याच्या भित्तिचित्रातील जहाजावरून गोव्यात बांधलेली ‘कौंडिण्य’ ही शिडाची नौका याचे उदाहरण होय. आराखडा उपलब्ध नव्हता. केरळचे बाबू शंकरन यांच्या मार्गदर्शनाखाली कारागिरांनी फळ्या काथ्याच्या दोरीने शिवल्या. मे २०२५ मध्ये ती कारवारला नौदलात दाखल झाली. डिसेंबरअखेर पोरबंदरहून निघून जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोहोचली. ग्रंथांत न लिहिलेली विद्या हातांत टिकून होती, म्हणून हे घडले.

तेव्हा माजी विद्यार्थ्यांना माझी एकच विनंती आहे. आपल्या गावातील देऊळ, वाडा वा शाळा दुरुस्तीस निघेल, तेव्हा जुनी तुळई खाली उतरविण्यापूर्वी जाणत्या सुतारास बोलवा आणि ‘बाबा, यातले किती ठेवता येईल?’ असे त्यास विचारा. नवे किती घालावे, हा प्रश्न त्यानंतरचा.