निवृत्तीनंतरही बोलावणं का येतं? ई. श्रीधरन यांची कारकीर्द काय सांगते

सरकारी नोकरीत वय झालं की निरोप समारंभ होतो आणि खुर्ची दुसऱ्याकडे जाते. ई. श्रीधरन १९९० मध्ये भारतीय रेल्वेतून निवृत्त झाले, पण त्यानंतर २१ वर्षं ते कामावरच होते. असं काय होतं त्यांच्याकडे?

ओळख कशी झाली?

डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळात रामेश्वरमला जोडणारा पांबन रेल्वे पूल उद्ध्वस्त झाला. दुरुस्तीसाठी आधी सहा महिन्यांची मुदत ठरली, मग ती तीन महिन्यांवर आली. हे काम ३२ वर्षांच्या श्रीधरन यांच्याकडे होतं. समुद्रात गेलेले गर्डर शोधून, बाहेर काढून पुन्हा बसवण्यात आले. पूल ४६ दिवसांत उभा राहिला. 'मुदत पाळणारा माणूस' ही ओळख तिथून पक्की झाली.

निवृत्तीनंतर काय घडलं?

१९९० मध्येच कोकण रेल्वे महामंडळाची धुरा त्यांच्याकडे आली. सह्याद्रीचे कडे, खोल दऱ्या, मुसळधार पाऊस आणि ढासळणारी माती यांतून रोहा ते मंगळुरू हा मार्ग काढायचा होता. जानेवारी १९९८ मध्ये तो पूर्ण सुरू झाला. त्याआधीच, १९९७ मध्ये, वयाच्या ६५ व्या वर्षी त्यांच्यावर दिल्ली मेट्रोची जबाबदारी आली. पहिली मेट्रो डिसेंबर २००२ मध्ये धावली.

वेगळेपण कशात होतं?

बांधकामाच्या ठिकाणी उलटी गणती दाखवणारी घड्याळं लावलेली असत. किती दिवस उरले, हे साहेबापासून मजुरापर्यंत सगळ्यांना दिसायचं. जबाबदारी कुणाची आणि तारीख कोणती, यात संदिग्धता नसे.

मग ते गेल्यावर काम अडलं का?

नाही, आणि हाच यातला महत्त्वाचा धडा. ३१ डिसेंबर २०११ रोजी ते दिल्ली मेट्रोतून बाहेर पडले. सूत्रं त्यांच्यासोबत काम केलेल्या मंगू सिंग यांच्याकडे गेली आणि मेट्रोचं जाळं वाढतच राहिलं.

अनेकजण माहिती स्वतःपाशी दडवून ऑफिसात 'अपरिहार्य' होऊ पाहतात. त्याने फार तर एकखांबी तंबू उभा राहतो. अशा माणसाला रजा मिळत नाही, आणि जागेवर बदली माणूस नाही म्हणून बढतीही अडते. श्रीधरन यांच्यावाचून काम अडत नव्हतं. तरीही अवघड काम निघालं की पहिलं नाव त्यांचंच येई.