वाळा: मूळ एक, वास दोन

मीरा रोडच्या दुकानात परफ्यूमच्या बाटलीवर 'वेटिव्हर' वाचलं की एकदम फॉरिन वाटतं. मंडळी, हा आपला माठात टाकायचा वाळाच! शब्दही मूळचा तमिळ, 'वेट्टिवेर'. तो फ्रेंचमार्गे जगभर गेला.

सोळाव्या शतकात अकबराकडे वाळ्याचे पडदे भिजवून खोल्या गार करत, अशी नोंद अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त आहे. आपल्याला वाळा असा पाण्यासोबतच भेटला, म्हणून वर्णन करताना पहिला शब्द येतो 'थंड'. फ्रान्समध्ये १९५७ साली कार्व्हेनने आणि पाठोपाठ गेर्लाँने पुरुषांसाठी वाळ्याचे परफ्यूम आणले. गेर्लाँच्या बाटलीत सोबतीला तंबाखूही आला. तिकडे तोच वास लाकडी, धुरकट, सुटाबुटातला ठरला.

थोडा फरक हार्डवेअरचाही आहे. माणसाच्या नाकात सुमारे ४०० प्रकारचे रिसेप्टर असतात आणि ते प्रत्येकात जरा वेगळे. त्यांच्या शोधासाठी ॲक्सेल आणि बक यांना २००४ चं नोबेल मिळालं. पण शब्द पुरवतात त्या आठवणी.

आता माठाच्या जागी फ्रिज आलाय. आपली पोरं वाळा आधी बाटलीतूनच हुंगणार आणि 'वुडी' म्हणणार. तेव्हा या उन्हाळ्यात वाळ्याची एक जुडी आणा, पाण्यात टाका आणि त्यांना विचारा, कसला वास येतोय?