हौशीपणाचं सोवळं

पैसा शिरला आणि खेळ नासला, हा सूर आयपीएलच्या प्रत्येक लिलावाला लागतो. या पूर्वपक्षाचा आवडता दाखला म्हणजे रग्बी युनियन. 1995 पर्यंत तिथे खेळाचे पैसे घेणं निषिद्ध होतं. म्हणून तो खेळ निर्मळ, असं अनुमान.

अनुमान जेम्स पीटर्सच्या आयुष्यावर घासून पाहू. जन्म 1879, सॅल्फर्ड. बाप जमैकाचा, सर्कशीत सिंहांनी फाडलेला. पोरगाही सर्कशीतच घोडेस्वारी करी. हात मोडल्यावर तिथल्यांनी वाऱ्यावर सोडला आणि अनाथाश्रमात वाढला. पुढे सुतारकाम करत प्लिमथला स्थिरावला आणि 1906 मध्ये इंग्लंडचा पहिला कृष्णवर्णी आंतरराष्ट्रीय रग्बीपटू ठरला. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध त्याला वगळलं. तो अन्याय वर्णाचा होता, हे आता बहुतेक सगळेच मान्य करतात. नियमाने केलेल्या अन्यायाबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही.

1910 मध्ये गोदीतल्या अपघातात त्याची तीन बोटं गेली. तरी तो खेळत राहिला. 1912 मध्ये पैसे घेतल्याच्या आरोपावरून इंग्लंडच्या रग्बी संघटनेने, म्हणजे युनियनने, त्याला निलंबित केलं.

नियम तो नियम, असं कुणी म्हणेल. पैसा आला की श्रीमंत क्लब खेळाडू विकत घेतील, ही भीतीही खोटी नव्हती. फुटबॉलमध्ये तसं घडतच होतं. पण या नियमावर वाद पेटला तेव्हा इंग्लंडच्या उत्तरेकडचे, मजूर खेळाडूंचे क्लब पगार कुठे मागत होते? सामन्यापायी बुडालेली मजुरी द्या, एवढंच मागणं होतं. 1893 मध्ये ते 282 विरुद्ध 136 मतांनी फेटाळलं गेलं. 1895 मध्ये हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात या क्लबांनी वेगळी चूल मांडली आणि दिवसाला सहा शिलिंग भरपाई मान्य केली. ज्याची मजुरी बुडत नाही, त्याला निःस्पृह होणं सोपं.

आणि नियम खरोखर नियम होता का? वेल्सचा कर्णधार आर्थर गोल्ड निवृत्त होताना चाहत्यांनी वर्गणी काढली. 1897 मध्ये त्याला चक्क घर भेट मिळालं. वादळ उठलं, स्कॉटलंड-आयर्लंडने वेल्सशी खेळणं थांबवलं. इंग्लंडच्या युनियनने मात्र परिस्थिती अपवादात्मक ठरवून गोल्डला पदरात घेतलं. वेल्सशी होणारे सामने हातचे जाऊ देणं परवडणारं नव्हतं ना!

सुतारासाठी असा अपवाद कुणी शोधला नाही. पस्तिशीकडे झुकलेला, सात बोटांचा पीटर्स 1913 मध्ये उत्तरेत, त्याच वेगळ्या चुलीतल्या बॅरो क्लबकडे गेला आणि तिथे उघडपणे पैसे घेऊन खेळला.