अवधपुरीतल्या अंधाऱ्या घरात उजेड कसा आणायचा?

भोपाळ : भेलच्या वसाहतीला लागून वाढलेल्या अवधपुरीत रो-हाऊस आणि डुप्लेक्स पुष्कळ. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्याला चिकटलेल्या, त्यामुळे उजेड येणार तो पुढून नाहीतर मागून. मधल्या खोलीत भर दुपारी ट्यूब लावायची वेळ येते.

घर उजळायचं म्हटलं की लोक आधी पांढरा रंग आणि पीओपीकडे धावतात. पण खिडकीचा वरचा काठ जमिनीपासून जितका उंच, त्याच्या साधारण दोन-अडीच पट अंतरापर्यंतच कामापुरता उजेड आत पोचतो. लिंटेल ७ फुटांवर असेल तर १४ ते १७ फूट. त्यापुढे रंग कितीही पांढरा द्या, फरक थोडाच. म्हणून खिडकी रुंद करण्याआधी उंच करता येते का ते बघावं. मधल्या पार्टिशनमध्येही वरच्या बाजूला काच बसवली तर पुढचा उजेड आत झिरपतो.

राष्ट्रीय इमारत संहितेनुसार दारं सोडून खिडक्या-झरोक्यांचं क्षेत्रफळ कोरड्या-उष्ण भागात खोलीच्या किमान एकदशांश हवं, दमट-उष्ण भागात एकषष्ठांश. म्हणजे १० बाय १२ च्या खोलीला कोरड्या-उष्ण भागात १२ चौरस फूट, कोकणात किंवा गोव्यात २०.

खरी चूक होते ती मागच्या अंगणात. मोकळ्या जागेवर पत्रा टाकून स्वयंपाकघर वाढवलं की जागा मिळते, पण मागचा उजेड आणि वारा दोन्ही बंद. तो पत्रा काढणं हाच बऱ्याचदा सगळ्यात स्वस्त उपाय.

छतात काच बसवताना जपून. भोपाळ कर्कवृत्ताच्या जरा दक्षिणेला, २१ जूनच्या सुमारास दुपारी सूर्य जवळपास डोक्यावर. आडवी काच म्हणजे मे-जूनमध्ये भट्टीच. त्यापेक्षा स्लॅबवर छोटा उंचवटा करून उत्तरेला उभी काच लावावी. उजेड येतो, ऊन फारसं नाही, आणि पावसाळ्यात गळतीही कमी. दक्षिणेच्या खिडकीला छज्जा असला की उन्हाळ्यात ऊन अडतं, डिसेंबरात मात्र आत येतं. पश्चिमेची खिडकी मोठी करू नये.

भिंत फोडण्याआधी ती स्लॅबचा भार घेते का, हे इंजिनिअरला दाखवावं. नुसत्या गवंड्याच्या शब्दावर नको. सामाईक भिंतीला तर हातच लावू नये.

खर्चाआधी एक करून बघावं. दुपारी सगळे दिवे बंद करून पेपर वाचत आत चालत जावं आणि अक्षर दिसेनासं होईल तिथे खडूने रेघ मारावी. काम त्या रेघेच्या आतल्या बाजूचं.