रक्त कमी आहे, म्हणजे नेमकं काय कमी आहे?

"रक्त कमी आहे." गरोदर बाईला हे वाक्य कधीच ऐकावं लागलं नाही असं घर आपल्याकडे विरळाच. त्यावरचा सल्लाही ठरलेला: बीट खा, गूळ-शेंगदाणे खा, सरकारी लाल गोळी घे. पण कमी म्हणजे नेमकं काय कमी, हा पुढचा प्रश्न फारसं कुणी विचारत नाही. जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी मुंबईत एका बाईने तो विचारला आणि त्यातून जगाला एका जीवनसत्त्वाचा पत्ता लागला. ती गोष्ट आज सांगतो, कारण तिचा पुढचा भाग पुण्याजवळच्या खेड्यांत घडला आणि तो थेट आपल्या ताटाशी जोडलेला आहे. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

साल १९२८. मुंबईत गिरणी कामगारांचा सहा महिने चाललेला मोठा संप झाला ते हेच वर्ष. त्याच वर्षी डॉ. ल्युसी विल्स लंडनहून मुंबईत आल्या. केंब्रिजला वनस्पतीशास्त्र आणि भूशास्त्र शिकलेल्या, नंतर डॉक्टर झालेल्या. मुंबईत बाळंतपणात बायका का मरतात याची चौकशी डॉ. मार्गारेट बाल्फोर करत होत्या, त्या कामात विल्स सामील झाल्या. ठिकाण परळचं हाफकिन इन्स्टिट्यूट.

गिरणगावातल्या आणि आसपासच्या गरीब वस्त्यांतल्या गरोदर बायकांना एक भयंकर पंडुरोग होत असे. बाई पांढरीफटक पडायची, तिला धाप लागायची, आणि अनेकजणी बाळंतपणाआधी किंवा लगेच नंतर जायच्या. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचं रक्त वेगळंच दिसायचं. लोह कमी पडलं की तांबड्या पेशी लहान आणि फिक्या होतात. इथे उलट होतं. पेशी थोड्या, पण नेहमीपेक्षा मोठ्या आणि अर्ध्याकच्च्या. म्हणजे हा लोहाचा मामला नव्हता.

विल्सबाईंनी काय केलं? आधी जंतुसंसर्गाचा संशय तपासला. मग त्या ताटाकडे वळल्या. तळपदे या सहसंशोधकाबरोबर त्यांनी मुंबईतल्या बायकांच्या आहाराची आणि राहणीची पाहणी केली आणि ती १९३० मध्ये प्रसिद्ध केली. गरीब मुस्लिम घरांत, जिथे पडदाही होता, तिथे हा आजार जास्त दिसला. पण त्यांनी त्याचा निकाल जातीधर्मावर लावला नाही. भाजी किती, फळं किती, दूध किती, हे त्यांनी पाहिलं. ताट बदललं की आजाराचं प्रमाण बदलतं, हे त्यांच्या लक्षात आलं. मग तेच गरिबीचं जेवण उंदरांना घातलं. उंदरांचंही रक्त कमी झालं! पण उंदरांच्या अंगावरच्या परजीवी किड्यांमुळे होणाऱ्या रोगाने तो प्रयोग गढुळला, तेव्हा त्यांनी माकडांवर नव्याने काम केलं. मला या बाईंचं कौतुक वाटतं ते इथे. हवं ते उत्तर हाती आलं होतं, तरी त्या तिथे थांबल्या नाहीत.

उत्तर शेवटी मिळालं ते मार्माइट नावाच्या, काळपट, खारट, चिकट पदार्थात. बिअर गाळून उरलेल्या यीस्टपासून तो बनतो आणि इंग्रज लोक तो पावाला लावून खातात. यकृताचा अर्क पंडुरोगावर चालतो हे तोवर माहीत होतं, पण तो महाग. मार्माइट त्या मानाने स्वस्त. मरणाच्या दारातल्या बायकांना तो दिल्यावर काही दिवसांत भूक परत आली आणि रक्तात नव्या पेशी दिसू लागल्या. जून १९३१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हे छापून आलं. त्या अनोळखी द्रव्याला पुढे 'विल्स फॅक्टर' म्हणू लागले. १९४१ मध्ये अमेरिकेत ढीगभर पालकातून ते वेगळं काढलं गेलं आणि त्याचं नाव पडलं फोलिक ॲसिड. १९४५ च्या सुमारास लेडर्ली कंपनीत ते कृत्रिमरीत्या बनवणाऱ्या चमूचे प्रमुख होते आपल्या आंध्रचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. गर्भ राहण्याआधीपासून फोलिक ॲसिड घेतलं तर बाळाच्या मणक्याचे आणि मेंदूचे काही गंभीर जन्मदोष बरेच टळतात, हे १९९१ मध्ये पक्कं सिद्ध झालं. आज गरोदर बाईला मिळणाऱ्या सरकारी गोळीत लोहाबरोबर फोलिक ॲसिड असतं, त्याचं मूळ असं परळपर्यंत जातं.

आता गोष्टीचा दुसरा भाग.

१९९३ मध्ये पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या संशोधन केंद्राने, डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पुढाकाराने, पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. काय खाता, किती काम करता, हे विचारलं, आणि रक्तही तपासलं. या बायका शेतात राबणाऱ्या, अंगाने काटक. त्यांच्यात एक गोष्ट ठळक दिसली: ज्या पालेभाज्या, फळं वारंवार खात, त्यांची बाळं वजनाला बरी होती.

रक्ताचे आकडे मात्र चक्रावून टाकणारे होते. शेकडो बायकांत फोलेट कमी असलेली बाई सापडली फक्त एक. आणि बी-१२ कमी असलेल्या? दोन-तृतीयांश! विल्सबाईंच्या मुंबईत ज्याचा दुष्काळ होता, ते इथे मुबलक. आणि ज्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं, त्याची टंचाई.

कारण साधं आहे. फोलेट मिळतं पालेभाजीतून, डाळींतून. बी-१२ मात्र वनस्पतींत मिळत नाही. ते दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतूनच येतं. जिथे घरचं दूध डेअरीला जातं आणि मटण सणासुदीलाच शिजतं, तिथे शाकाहारी-मांसाहारी हा फरक बराचसा नावापुरताच उरतो. आणि हे फक्त खेड्यातल्या बायकांचं नाही. याज्ञिकांच्या चमूने पुण्याच्या शहरी, झोपडपट्टीतल्या आणि ग्रामीण मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं, तेव्हा तिथेही ६७ टक्क्यांत बी-१२ कमी निघालं. हे २००६ मध्ये छापलं गेलं.

२००८ मधला निबंध त्याहून अस्वस्थ करणारा आहे. या बायकांची मुलं सहा वर्षांची झाल्यावर तपासली. ज्यांच्या आईच्या रक्तात गरोदरपणी फोलेट जास्त आणि बी-१२ कमी होतं, त्या मुलांत इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वात जास्त दिसली. मधुमेहाकडे जाणाऱ्या रस्त्याची ही पहिली पायरी. हा संबंध आहे, पुरावा नव्हे, हे नीट लक्षात घ्या. म्हणूनच ते तिथे थांबले नाहीत. ती मुलं वयात आल्यावर त्यांना रोज दोन मायक्रोग्रॅम बी-१२ देऊन, पुढच्या पिढीत काय फरक पडतो हे पाहणारा प्रयोग त्यांनी हाती घेतला.

इथे कृपा करून एक गैरसमज करून घेऊ नका. फोलिक ॲसिडची गोळी बंद करायची नाही. ती बाळं वाचवते. मुद्दा इतकाच, की ती एकटी पुरत नाही. बी-१२ कमी असताना नुसतं फोलिक ॲसिड दिलं, तर रक्ताचा आकडा सुधारू शकतो, पण आत नसांचं नुकसान चालूच राहू शकतं. वरून सगळं आलबेल, आतून वाळवी.

आमच्या भागातल्या आरोग्य शिबिरांत मी अधूनमधून मदतीला जातो. बोटाला सुई टोचतात, हिमोग्लोबिनचा आकडा येतो, कागदावर 'ॲनिमिया' लिहितात, गोळ्यांची पट्टी हातात, पुढची बाई. मुंग्या येतात, पाय बधिर होतात, विसरायला होतं, असं कुणी म्हणालीच तर तिला वयाचं कारण सांगतात. कर्मचाऱ्यांना मी दोष देत नाही, त्यांना मोजायला दिलंय तेवढंच ते मोजतात. पण गेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या ५४ टक्के बायकांत रक्त कमी निघालं. त्याआधीच्या पाहणीत ४८ टक्के होतं. गोळ्या वाटूनही आकडा वाढत असेल, तर प्रश्न पुन्हा विचारायला नको का?

सरकारकडे माझी मागणी साधी आहे. निदान गरोदर बायकांना तरी बी-१२ ची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत मिळावी. आणि अंगणवाडीच्या, शाळेच्या आहारात दूध-अंडी यांवरून राजकारण करण्याआधी मुलांच्या रक्तात काय आहे ते बघावं.

आणि आपण? पुढच्या वेळी घरात कुणाला "रक्त कमी आहे" असं सांगितलं, तर डॉक्टरांना एवढंच विचारा: पेशी लहान आहेत की मोठ्या? बी-१२ बघायचं का? विल्सबाईंनी परळमध्ये सुरुवात याच प्रश्नाने केली होती.