भौतिकशास्त्रज्ञ, गुरू आणि डॉ. लिफ्टन

जुलै २०१८ हा महिना माझ्या स्मरणात दोन घटनांमुळे राहिला आहे. १ जुलै रोजी दिल्लीतील बुराडी येथे एकाच कुटुंबातील ११ जण मृतावस्थेत आढळले. त्याच महिन्यात, ६ आणि २६ तारखेला, जपानने ‘ओम् शिनरिक्यो’ या पंथाच्या १३ जणांना फाशी दिली. पहिल्या बातमीवर आपल्याकडे कित्येक दिवस चर्चेचे गुऱ्हाळ चालले. मला दुसरीने अधिक अस्वस्थ केले. २६ जुलैला फाशी गेलेल्यांपैकी तोरू तोयोदा हा टोकियो विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या डॉक्टरेटचे काम अर्धवट सोडून पंथात गेला होता, तर केनइची हिरोसे हा वासेदा विद्यापीठाचा उपयोजित भौतिकशास्त्राचा हुशार विद्यार्थी होता. २० मार्च १९९५ रोजी टोकियोच्या भुयारी रेल्वेत छत्रीच्या अणकुचीदार टोकाने सारिनच्या पिशव्या फोडणाऱ्या पाच जणांपैकी हे दोघे. ज्या विषयात मी स्वतः पीएच.डी. केली, त्याच विषयाची ही माणसे.

अशा माणसांचे काय होते, हा प्रश्न ज्याने आयुष्यभर धरून ठेवला तो संशोधक म्हणजे अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट जे लिफ्टन. १९२६ साली ब्रुकलिनमध्ये जन्मलेले लिफ्टन २०२५ च्या सप्टेंबरात, वयाच्या ९९ व्या वर्षी निवर्तले. रूढ अर्थाने ते न्यायवैद्यक शाखेचे नव्हेत. परंतु पंथ आणि न्यायालय यांच्या सीमेवरील या विद्याशाखेला आपली बरीचशी परिभाषा त्यांच्याकडूनच मिळाली.

सुरुवात झाली ती कोरियन युद्धापासून. हवाई दलातील तरुण डॉक्टर म्हणून त्यांनी चिनी कैदेतून सुटलेल्या अमेरिकी सैनिकांना तपासले. पुढे १९५४ च्या सुमारास हाँगकाँगमध्ये राहून त्यांनी चीनमधील ‘विचार-सुधारणे’तून गेलेल्या ४० व्यक्तींच्या प्रदीर्घ मुलाखती घेतल्या, त्यांत २५ पाश्चात्त्य आणि १५ चिनी होते. त्यावरचा त्यांचा ग्रंथ १९६१ साली आला. ‘ब्रेनवॉशिंग’ हा शब्द तेव्हा वृत्तपत्रांत जादूटोण्यासारखा वापरला जात होता. लिफ्टन यांना तो शब्द कधीच फारसा रुचला नाही. त्यांच्या मते तेथे गूढ यंत्र कोणतेच नव्हते. होते ते विशिष्ट प्रकारचे वातावरण. बाहेरून येणाऱ्या माहितीवर ताबा, पावित्र्याचा अखंड आग्रह, कबुलीजबाबाची सक्ती, विचार तेथल्या तेथे थांबवणारे ठरीव शब्दप्रयोग, अनुभवापेक्षा सिद्धान्त मोठा मानणे, आणि शेवटी जगण्याचा अधिकार कोणाला आहे हेही गटानेच ठरवणे. अशी एकूण आठ लक्षणे त्यांनी नोंदवली.

त्यांपैकी एकाला त्यांनी ‘पवित्र विज्ञान’ म्हटले आहे, आणि माझ्या मते आपल्यासाठी तेच सर्वांत महत्त्वाचे. पंथाचा सिद्धान्त केवळ पूजनीय असून भागत नाही. तो वैज्ञानिकदृष्ट्या बिनचूकही ठरवला जातो. म्हणजे शंका घेणारा एकाच वेळी पापीही ठरतो आणि अडाणीही.

न्यायालयाशी त्यांची गाठ १९७६ साली पडली. अपहरणकर्त्यांच्याच टोळीबरोबर बँकदरोड्यात सामील झालेल्या पॅटी हर्स्ट या तरुणीच्या खटल्यात त्यांनी बचाव पक्षातर्फे साक्ष दिली. सरकार पक्षानेही आपले तज्ज्ञ उभे केले, आणि ज्यूरीने तिला दोषी ठरवले. १९९० मध्ये तर कॅलिफोर्नियातील एका संघीय न्यायालयाने पंथीय मनःपरिवर्तनाविषयीची दुसऱ्या दोन अभ्यासकांची साक्ष पुरेशी शास्त्रमान्य नाही म्हणून नाकारली. ही नामुष्की मला योग्य वाटते. वातावरणाचे वर्णन करणे वेगळे आणि अमुक क्षणी अमुक व्यक्तीची इच्छा तिची स्वतःची होती की नाही हे सांगणे वेगळे. पहिल्यासाठी लिफ्टन यांच्याकडे पुरावा होता. दुसऱ्यासाठी आजही कोणाकडे मोजपट्टी नाही.

हिरोशिमातून वाचलेल्यांचा आणि नाझी डॉक्टरांचा अभ्यास झाल्यावर सत्तरीच्या उंबरठ्यावर लिफ्टन पुन्हा जपानला गेले आणि ओम् पंथाच्या माजी सदस्यांशी बोलले. त्यातून १९९९ चे पुस्तक झाले. भारतीय वाचकाला ते विचित्र ओळखीचे वाटते. पंथाचा गुरू शोको असाहारा याने १९८६ मध्ये हिमालयात आपल्याला अंतिम ज्ञान झाल्याचा दावा केला होता. पंथाच्या नावात आपला ओंकार. फुजी पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या इमारतींना ‘सत्य’ या संस्कृत शब्दावरून नाव दिलेले, आणि त्यांतल्याच सातव्या क्रमांकाच्या इमारतीत सारिनचा कारखाना. मृत्यूनंतर जीवाला उच्च लोकी पोहोचवण्याची ‘पोआ’ ही तिबेटी संकल्पना तेथे खुनाचे सौम्य नाव बनली. मारणे हा मरणाऱ्यावरचा उपकार.

आणि मध्यभागी विज्ञान! ओसाका विद्यापीठात खगोलभौतिकी शिकलेला हिदेओ मुराई पंथाचा विज्ञानप्रमुख होता. गुरूच्या मेंदूलहरींशी आपल्या लहरी जुळाव्यात म्हणून शिष्य डोक्यावर इलेक्ट्रोड बसवलेली टोपी घालून वावरत. ज्याने एकदा तरी प्रयोगशाळेत संकेत आणि गोंगाट वेगळे केले आहेत, त्याने विचारायला हवे होते की लहरी जुळल्या हे मोजले कोणी, आणि कशाशी तुलना करून? प्रश्न येत नव्हता असे नव्हे. लिफ्टन यांच्या विश्लेषणानुसार माणूस स्वतःचे जणू दोन भाग करतो: एक उपकरण बनवतो, दुसरा गुरूला शरण जातो, आणि दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. नाझी डॉक्टरांविषयी त्यांनी हेच निरीक्षण केले होते. बुद्धिमत्ता येथे कवच ठरत नाही. उलट सारिन तयार करायला तीच लागते.

बुराडीत ना आश्रम होता, ना बाहेरचा गुरू. एक घर होते आणि अकरा वह्या. मृतांच्या मुलाखती घेता येत नाहीत, म्हणून केंद्रीय न्यायवैद्यक प्रयोगशाळेने ‘मानसशास्त्रीय शवचिकित्सा’ केली. लॉस एंजेलिसमध्ये १९५० च्या दशकात संशयास्पद मृत्यूंसाठी घडवलेली ही पद्धत. वह्यांतील मजकूर आणि नातेवाईक-परिचितांशी झालेली बोलणी यांतून मृताचे मन जुळवायचे. सप्टेंबर २०१८ च्या अहवालाचा निष्कर्ष असा होता की ही आत्महत्या नव्हती, विधी करताना घडलेला अपघात होता. त्यांच्यापैकी कोणाचाही मरण्याचा हेतू नव्हता.